सोळा व्होल्ट

खोक्यावर छापलंय: वीस मिनिटांत बसवा.
मला साडेतीन दिवस लागले,
त्यातला एक नुसता जिन्यावर बसण्यात गेला.

हट्ट कर्स्टनचा. ती टूसॉनला, वाळवंटात,
मी इथे डुलुथच्या चढावर, सरोवराच्या तोंडाशी.
नोव्हेंबरात दार उघडायला खांदा लावावा लागतो.
"बाबा, दारात कोण आहे ते आधी बघत जा."
दारात कोण असणार?
डेल वुकेलिच, माझी शिडी उसनी न्यायला.
नाहीतर चर्चच्या बायका, झाकणाचं भांडं घेऊन.

एकशे चाळीस डॉलर.
तारेवरचीच घ्या, दुकानातली टेस म्हणाली,
बॅटरीवाली थंडीत मान टाकते.
इथे थंडीत कोण मान टाकत नाही!

जुनी घंटा लोरीनने बसवली होती.
आमच्या घरात पक्कड तिची, पातेलं माझं.
ती टेलिफोन कंपनीत, खांबांवर चढायची.
मी गोदीवर जहाजांत लोखंडाची माती ओतायचो,
आणि घरी तिला विचारल्याशिवाय
बल्बसुद्धा बदलत नव्हतो.

बटण उचकटलं. त्यावर रंगाचे चार थर:
पांढरा, पिवळा, तो एक फसलेला हिरवा, पुन्हा पांढरा.
मागच्या भोकात दोन बारीक तारा,
एकीला लाल दोरा गुंडाळलेला.
आत पळू नयेत म्हणून
त्यांना कपड्यांचा चिमटा लावून ठेवला.

जोडल्या. दिवा लागला, विझला, लागला, विझला,
दमेकऱ्यासारखा.
टेस फोनवर म्हणाली, ट्रान्सफॉर्मर दहा व्होल्टचा असेल,
याला सोळा लागतात.

मग तळघर. भट्टीच्या वर, तुळईला
मुठीएवढा डबा, कोळिष्टकांत गुरगुरत बसलेला.
त्याखाली चिकटपट्टी, तिच्या चौकोनी अक्षरांत:
दाराची घंटा. आर्वो, हात लावू नकोस.

तो जिन्यावर बसलेला दिवस, तो हा.
भट्टी दोनदा सुरू झाली, दोनदा बंद.

दुसऱ्या दिवशी मुख्य खटका पाडला.
फ्रीज गप्प, भट्टी गप्प.
घड्याळ सेलवरचं, ते तेवढं बोलत राहिलं.
टॉर्च दातांत धरला आणि हात लावला.
काळी काळीला, पांढरी पांढरीला, हिरवी हिरवीला.
तिचे पीळ उलगडताना बोटं सोलली;
बाई बांधायची ती कायमचंच,
उद्या कुणाला सोडवावं लागेल हे तिच्या मनातच नाही.
चिकटपट्टी मात्र काढली नाही.
आता नव्या डब्याखाली तेच लिहिलंय,
आणि यापुढे मी ऐकणार आहे.

माणसाचा डोळा लागला की झोप,
दाराला डोळा लागला की जाग.
रात्री अडीचला कोल्हा येऊन पायपुसणं हुंगून जातो.
टपालवाली पोरगी पायरीवर थांबून
हातमोज्यात फुंकर मारते.
डेल येतो, दोन मिनिटं उभा राहतो,
घंटा न वाजवताच परत फिरतो.
संध्याकाळी मीच शिडी नेऊन दिली.
आणि एक म्हातारा दिसतो रोज,
फुगलेल्या नाकाचा, पिशवी सांभाळत येणारा.
त्याला ओळखायला मला जरा वेळ लागला.

गुरुवारी दूध-पाव घेऊन चढ चढून आलो.
किल्ली काढली, आणि काय वाटलं कोण जाणे,
बटण दाबलं.
आत वाजली. पेटी जुनीच आहे, लोरीनची:
दाबताना एक सूर, सोडताना दुसरा, जरा खालचा.
अडतीस वर्षांत मी ती बाहेरून कधी ऐकलीच नव्हती.

दारातून खरखरीत आवाज आला,
"बाबा? किल्ली हरवली?"
तिच्याकडे पंखा फिरत होता, तोही ऐकू आला.
नाही, म्हटलं, हातातच आहे.
"मग?"
वारा होता. टोपी धरून ठेवत
म्हटलं, घरात कुणी आहे का
बघत होतो.